घड्याळासोबत टपालखाते

ठरलेल्या वेळी ठरलेले काम, कोणी डोक्यावर उभे नसतानाही, निमूटपणे करणारा नोकर मिळावा ही मालकवर्गाची इच्छा फार जुनी असून, माणसांत असा नोकर सापडणे नाही याची खात्री पटल्यावर संगणकशास्त्राने तो स्वतःच घडवला आणि घडवताना त्याला एक खोड मात्र लावून ठेवली : काम करताना तोंडून चकार शब्द निघाला, तरी त्याविषयी तो मालकाला पत्र लिहितो. या नोकराचे नाव क्रॉन. युनिक्स आणि तिच्या परंपरेतील लिनक्स या संगणकप्रणालींत पडद्यामागे अखंड चालणाऱ्या प्रोग्रामला डीमन म्हणतात; क्रॉन हा असाच एक डीमन असून तो दर मिनिटाला जागा होतो, कामांची यादी पाहतो, त्या मिनिटाला काही नेमलेले असेल तर ते करवून घेतो आणि पुन्हा झोपी जातो. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर तो लोकांसमोर आला आणि तेव्हापासून त्याच्या वंशजांनी वेतनवाढ, बढती किंवा दिवाळीची उचल यांपैकी काहीही मागितलेले नाही.

प्रस्तुत विवेचनाचा विषय त्याची ही कार्यतत्परता नसून त्याचे पत्रलेखन, आणि त्या पत्रलेखनापायी यंत्रायंत्रावर बसवावे लागलेले टपालखाते हा आहे. हैदराबादच्या चारमिनारला १८८९ साली चार दिशांना चार घड्याळे बसवण्यात आली. त्यांपैकी एकानेही ‘पाच वाजले, माहितीस्तव सादर’ असा लेखी अहवाल निजाम सरकारकडे धाडल्याचे ऐकिवात नाही, आणि घड्याळे हवी असतील तर आधी मिनाराच्या पोटात एक डाकघर उघडा, अशी अट घालण्याचे घड्याळजीलाही सुचले नाही. त्याच शहराच्या पश्चिमेला माधापुरात, १९९८ साली उद्घाटन झालेल्या सायबर टॉवर्सभोवती जी हायटेक सिटी पसरली, तेथील यंत्रांवर मात्र हीच अट वर्षानुवर्षे घातली गेली आणि कोणीही हूं की चूं न करता ती पाळली.

टपालाकडे वळण्यापूर्वी या नोकराच्या स्वभावाची थोडी ओळख आवश्यक आहे. क्रॉनला काम सांगायचे ते क्रॉनटॅब नावाच्या तक्त्यात, एका कामाला एक ओळ या हिशेबाने, आणि प्रत्येक ओळीच्या आरंभी पाच रकाने भरून : मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. ज्या रकान्याबद्दल मालकाचा आग्रह नसेल तेथे तारका घालायची असते. येथवर सर्व सरळ आहे. परंतु तारीख आणि वार हे दोन्ही रकाने भरले, तर दोन्ही जुळून येण्याची वाट न पाहता क्रॉन त्यांपैकी कोणतेही एक जुळले तरी काम उरकून टाकतो. एखाद्या भाविकाने अंगारकीचा उपवास क्रॉनवर सोपवला, आणि क्रॉनला तिथी कळत नसल्यामुळे चतुर्थीच्या जागी ४ तारीख आणि पुढे मंगळवार असे लिहून दिले, तर वर्षातून क्वचित येणारा तो योग महिन्यातून पाच-सहा वेळा येऊन भाविकाची प्रकृती उतरणीला लागेल आणि तरीही क्रॉनचे काम नियमानुसारच झालेले असेल. महिन्यांच्या बाबतीतही त्याचे शिक्षण बेताचेच आहे. निजामी राज्याच्या कचेऱ्या फसली कालगणनेवर चालत, आजूर, दै, बहमन अशी तिच्या महिन्यांची नावे होती आणि मराठवाड्यातल्या जुन्या जमिनीच्या कागदांवर आजही फसली सने भेटतात. क्रॉन मात्र महिन्यांची इंग्रजी नावे, तीही पहिल्या तीन अक्षरांपुरतीच, ओळखतो. त्यातून बहुतेक सर्व्हरची घड्याळे जागतिक प्रमाणवेळेवर लावलेली असतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे धावत असल्याने हैदराबादच्या मध्यरात्री करायच्या कामापुढे साडेसहा संध्याकाळचे, म्हणजे १८:३० असे लिहावे लागते, ज्यामुळे नांदेड-परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने नुकताच येऊन रुजू झालेला अभियंता पहिल्या आठवड्यात एकदा तरी ते काम ‘दुरुस्त’ करून ठेवतो.

आता पत्रलेखनाविषयी. क्रॉनने चालवलेल्या कामाने पडद्यावर काही छापले असते तर ते कोणी वाचले असते. परंतु रात्री दोन वाजता पडदाही नसतो आणि वाचकही नसतो, म्हणून कामाच्या तोंडून निघालेला सारा मजकूर गोळा करून क्रॉन त्याचे पत्र करतो आणि ज्याच्या नावाचा तक्ता असेल त्याला पाठवतो. काम मुकाट्याने पार पडले तर पत्र नाही, काही बोलले तरच पत्र, असा हा संकेत असून तो मुळात अतिशय समंजस आहे. तक्त्यात मेलटू या नावापुढे दुसऱ्याचा पत्ता लिहिला तर पत्र त्याला जाते आणि तेथे रिकामे अवतरण ठेवले तर पत्रच निघत नाही. १९८७ साली पॉल व्हिक्सी यांनी लिहिलेल्या क्रॉनच्या आणि २००७ साली त्यापासून रेड हॅट कंपनीत फुटून निघालेल्या क्रोनी या शाखेच्या घराण्यात ही रीत पक्की रुजलेली आहे. ती जेव्हा पडली तेव्हा विद्यापीठातल्या एकाच मोठ्या यंत्रावर अनेक माणसे काम करीत, सकाळी येऊन त्याच यंत्रात शिरत आणि त्यांच्या नावाची टपालपेटी त्याच यंत्रात असे. पत्र पाठवणे म्हणजे एका फाइलच्या शेवटी चार ओळी चिकटवणे एवढेच होते.

काळ बदलला, यंत्रे हजारोंनी वाढली आणि त्यांतली माणसे निघून गेली. हैदराबादेत २०२२च्या नोव्हेंबरात ॲमेझॉनने आपल्या मेघसेवेचे स्वतंत्र केंद्र सुरू केले. अशा ठिकाणी भाड्याने मिळणारे यंत्र सकाळी जन्मते, दुपारी राबते आणि काम संपले की संध्याकाळी पुसले जाते, परंतु त्या अल्पायुष्यातही क्रॉन त्याच्यावर रूट नावाच्या सर्वाधिकारी खात्याला श्रद्धेने पत्रे लिहीत असतो. रूट ही व्यक्ती नव्हे. रूटला घर नाही, जेवणाची सुट्टी नाही आणि टपाल वाचायची इच्छा तर मुळीच नाही. ही पत्रे यंत्राच्या पोटातील एका फाइलमध्ये साठत जातात आणि वर्षसहा महिन्यांनी काही बिघडले म्हणून एखादा अॅडमिन, म्हणजे यंत्रांची देखभाल पाहणारा अधिकारी, आत डोकावला की यंत्र त्याला ‘तुमच्यासाठी नवे टपाल आले आहे’ असे अदबीने कळवते. तो त्या ओळीकडे सरकारी कचेरीतल्या ‘कृपया शांतता राखा’ या पाटीकडे पाहावे तसे पाहतो आणि पुढे जातो. काही दक्ष अॅडमिन ही पेटी दर रविवारी रिकामी करण्याचे कामही क्रॉनवरच सोपवतात. त्या कामात अडथळा आला तर त्याची तक्रार क्रॉन त्याच पेटीत टाकतो.

पत्र यंत्राबाहेर पाठवावे म्हटले तर आणखी पंचाईत होते. नको असलेल्या जाहिरातींच्या पत्रांना आळा घालण्यासाठी मेघसेवा देणाऱ्या कंपन्या टपाल बाहेर नेणारा पंचवीस क्रमांकाचा दरवाजा बहुधा बंदच ठेवतात. त्यामुळे पत्र रांगेत उभे राहते, पोस्टफिक्स नावाचा टपालवाहक ते पाच दिवस पुन्हा पुन्हा पाठवून पाहतो आणि अखेर ‘पत्ता गाठता आला नाही’ असा शेरा मारून पाठवणाऱ्याकडे, म्हणजे त्याच यंत्रावरच्या रूटकडे, परत करतो. या वर्तुळाला हैदराबादच्या इतिहासात एक सन्माननीय पूर्वज आहे. निजामाच्या राज्याचे स्वतःचे टपालखाते होते. १८६९ पासून त्याची स्वतःची तिकिटे निघत, पुढच्या तिकिटांवर फारसी आणि इंग्रजीच्या जोडीला मराठी आणि तेलुगू अक्षरांनाही जागा मिळाली, आणि १९५० साली ते खाते भारतीय टपालात विलीन होईपर्यंत औरंगाबादहून हैदराबादला जाणाऱ्या पत्राला ते तिकीट पुरत असे, परंतु तेच पत्र पुण्याला जायचे असेल तर त्या देखण्या तिकिटाचा उपयोग नव्हता, कारण त्याचा अंमल राज्याच्या सीमेपुरताच होता. फरक इतकाच की निजामी टपालाच्या दुसऱ्या टोकाला पत्राची वाट पाहणारा माणूस असे.

प्रश्न असा पडतो की कोणीच वाचत नसलेल्या पत्रांसाठी टपालवाहक बसवतो कोण? याचे उत्तर लिनक्सच्या पॅकेजव्यवस्थेत आहे. लिनक्सवर सॉफ्टवेअर पॅकेजच्या रूपाने मिळते आणि प्रत्येक पॅकेज आपल्याला आणखी कोणकोणती पॅकेजे लागतात त्यांची यादी सोबत आणते. या गरजेला संगणकवाले डिपेंडन्सी म्हणतात. लग्न ठरवताना मुलाकडच्यांनी ‘आम्हाला काहीच नको’ म्हणून मग हळूच यादी पुढे सरकवावी, तसा हा प्रकार असतो. क्रॉन म्हणतो, मला पत्र पाठवायचे असल्याने सेंडमेल लागेल. सेंडमेल हा एरिक ऑलमन यांनी बर्कलीत लिहिलेला टपालवाहक असून त्याचा दबदबा एवढा की पुढे फिलिप हेझल यांनी केंब्रिजमध्ये १९९५ साली एक्झिम लिहिला, व्हीत्से व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये पोस्टफिक्स सिद्ध केला, तरी या दोघांनाही आपल्याबरोबर सेंडमेल याच नावाची एक आज्ञा ठेवावी लागली. टपालाच्या गादीवर बसायचे तर मूळ पुरुषाचे नाव धारण करणे भाग होते.

परिणामी, दर रात्री जुन्या फाइली पुसण्यापुरता क्रॉन मागवणाऱ्या अभियंत्यासमोर एकाएकी निळा पडदा उभा राहतो आणि टपालाची रचना कशी हवी असे विचारून पाच पर्याय मांडतो : काहीच रचना नको, थेट इंटरनेटवरचे केंद्र, मध्यस्थ यंत्रामार्फत इंटरनेट, उपग्रह प्रणाली, आणि केवळ स्थानिक. माधापुरातल्या बाराव्या मजल्यावर, खाली कॅब उभी असताना आणि घरून तिसरा फोन येत असताना, ज्याला फक्त जुन्या फाइली पुसायच्या होत्या त्याला आपल्याला उपग्रह हवा की काय हे ठरवावे लागते. येथील ‘उपग्रह’ म्हणजे सगळे टपाल दुसऱ्या यंत्राकडे सोपवणारे दुय्यम यंत्र, एवढाच अर्थ असला तरी तो त्या क्षणी सांगायला कोणी हजर नसतो. शेवटी तो ‘केवळ स्थानिक’ निवडतो, हैदराबादी खाक्याने स्वतःशीच ‘चलने दो’ म्हणतो आणि आपण नकळत एक डाकघर उघडले आहे हे न जाणता कॅबकडे धावतो.

हे डाकघर निरुपद्रवी असते तर गोष्ट हसण्यावारी नेता आली असती. परंतु जगाशी बोलणारा प्रत्येक प्रोग्राम हे यंत्राला असलेले एक दार असते. २ नोव्हेंबर १९८८ रोजी मॉरिस वर्म या नावाने कुप्रसिद्ध झालेला स्वयंप्रसारी प्रोग्राम इंटरनेटवर सुटला तेव्हा त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक सेंडमेलमधील तपासणीसाठी उघडी राहिलेली सोय ही होती. ज्याला पत्रव्यवहार करायचा आहे त्याने हा धोका पत्करणे रास्त आहे. ज्याला फक्त फाइली पुसायच्या आहेत त्याने तो का पत्करावा, याचे समर्थन सापडत नाही.

उपाय साधा होता आणि म्हणूनच त्याला वेळ लागला. डेबियन या लिनक्सवितरणाने पॅकेजांच्या गरजांना तीन प्रती केल्या होत्या : ‘लागतेच’, ‘असावे’ आणि ‘असले तर बरे’. टपालवाहकाला पहिल्या प्रतीतून खालच्या प्रतीत उतरवले की क्रॉन त्याच्याशिवायही बसू शकतो. तथापि २००९ पासून डेबियनमध्ये ‘असावे’ म्हटलेली पॅकेजेही, स्पष्ट नकार दिला नाही तर, आपोआप येऊ लागली, म्हणजे यजमानाने ‘आग्रह नाही’ म्हणत पानात तिसरी जिलेबी वाढावी तशी त्यांची वाढ होऊ लागली. रेड हॅटच्या घराण्यातील फेडोराने २०१३ सालच्या विसाव्या आवृत्तीत सेंडमेल मुळातच बसवायचे नाही असे ठरवले आणि त्या घराण्याची आरपीएम ही पॅकेजव्यवस्थाही २०१४ पासून अशा सौम्य गरजा नोंदवू लागली. क्रोनीने दोन सोयी दिल्या : एक, टपाल पूर्ण बंद ठेवण्याची, आणि दुसरी, कामाच्या तोंडून निघालेला मजकूर पत्राऐवजी सिसलॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या सामाईक रोजनिशीत, उतरवण्याची. एवढेच नव्हे, तर टपालवाहक सापडलाच नाही तर क्रोनी ‘सेंडमेलऐवजी सिसलॉग वापरला जाईल’ अशी नोंद करून स्वतःहून रोजनिशीकडे वळतो. शिपाई नाही म्हणून कारकुनाने जावक पत्र बारनिशीतच डकवून ठेवावे, असा हा प्रौढ व्यवहार आहे.

डेबियनच्या क्रॉनने याच पेचप्रसंगी वेगळा बाणा दाखवला. टपालवाहक नसेल तर तो रोजनिशीत एक ओळ लिहितो, जिचा आशय असा : ‘टपालवाहक बसवलेला नाही, मजकूर टाकून देत आहे.’ प्रशासकीय वाङ्मयात इतके प्रामाणिक वाक्य मिळणे कठीण आहे. एखाद्या कचेरीने ‘आपला अर्ज मिळाला, शिपाई नसल्याने तो फाडला आहे, फाडल्याची नोंद कृपया आवक क्रमांकासह जपून ठेवावी’ असे उत्तर द्यावे आणि त्याखाली सही-शिक्का असावा, तसा हा प्रकार आहे. रात्री घेतलेल्या प्रतीला, जिला बॅकअप म्हणतात, डिस्कवर जागा उरली नाही असे यंत्र ओरडून सांगते, आणि ते ओरडणे टाकून दिल्याची नोंद मात्र सुरक्षित राहते. मूळ फाइली गेल्यावर, प्रत हवी असलेल्या दिवशी, कोणीतरी रोजनिशी उघडतो आणि आपल्याला काय सांगितले गेले नाही हे त्याला मिनिटा-सेकंदासह वाचायला मिळते.

येथेच विरोधी पक्षाची बाजू ऐकणे न्यायाचे ठरेल. जुने अॅडमिन म्हणतात की टपाल काढून टाकले की लोक ऐकायचेही सोडतील, आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही. जेथे निरोप हेच काम असते तेथे टपालाशिवाय चालतही नाही : हैदराबादच्या मासाब टँक भागात रिझर्व्ह बँकेने १९९६ साली स्थापन केलेली आयडीआरबीटी ही बँकिंग तंत्रज्ञानाची संस्था आहे, बँकांना आपसात जोडणारे इन्फिनेट हे जाळे तिने १९९९ साली उभे केले आणि बँकाबँकांतल्या निरोपांना एकच साचा देणारी एसएफएमएस ही व्यवस्थाही तिच्याच आश्रयाने आली. अशा ठिकाणी निरोप नेणारा ही मुख्य नेमणूक असते. त्याला कोणी फाइली पुसणाऱ्याच्या मागच्या दाराने आत आणत नाही. टपाल सक्तीचे करण्यातली खरी चूक हीच की त्यामुळे निरोप पोहोचवण्याची जबाबदारी पार पडल्याचा आभास होतो, आणि टपाल ऐच्छिक करण्यात संभवणारी चूक अशी की टपालाबरोबर निरोपही ऐच्छिक होऊन बसतो. क्रोनीने टपालवाहकाला रजा दिली पण निरोप रोजनिशीत ठेवला. डेबियनच्या क्रॉनने दोघांनाही एकाच हुकमाने बडतर्फ केले.

नव्या पिढीने हा वाद सोडवण्याऐवजी वेगळे घर केले आहे. २०१० साली अवतरलेल्या सिस्टमडी या व्यवस्थेत क्रॉनच्या जागी टायमर येतो आणि कामाचा मजकूर पत्रांच्या भानगडीत न पडता थेट जर्नल नावाच्या रोजनिशीत जातो, तर काम फसल्यास दुसरे काम चालवण्याची सोय वेगळी ठेवलेली आहे. त्या दुसऱ्या कामाकडून हायटेक सिटीतली मंडळी बहुधा कचेरीतल्या गप्पांच्या गटावर संदेश टाकून घेतात. सुरुवातीला प्रत्येक संदेशाला अंगठ्याचे चिन्ह मिळते, पुढे ‘यशस्वी झाले’ असे संदेशही कोणीतरी हौसेने सुरू करतो, मग त्या गटाचा आवाज बंद केला जातो आणि ज्या पत्रांना रूटच्या पेटीत कोणी विचारीत नव्हते त्यांचीच सुधारून वाढवलेली आवृत्ती अखेर रंगीत चिन्हांसह प्रत्येकाच्या खिशात साठू लागते.

तेव्हा टपालवाहकाची गरज पहिल्या प्रतीतून तिसऱ्या प्रतीत उतरवणे हे योग्यच आहे, आणि ते करताना मजकुराला रोजनिशीत हक्काची जागा देणे हे त्याहून योग्य आहे. पॅकेज बांधणाऱ्याच्या हातात एवढेच असते. ‘लागतेच’ या रकान्यात त्याला टपालवाहक लिहिता येतो, ग्रंथालये लिहिता येतात, क्वचित एकमेकांशी भांडणारी दोन पॅकेजेही लिहिता येतात. सकाळी येऊन ती रोजनिशी वाचणारा माणूस मात्र अद्याप कोणत्याही भांडारात पॅकेज म्हणून उपलब्ध नाही, आणि म्हणून तो प्रत्येक कचेरीला स्वतःच बसवावा लागतो.